डिपॉझिट आपलं नसतं

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये टीममधल्या एका मित्राने पेढे दिले. हिंजवडीजवळ घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून. अभिनंदन वगैरे झालं आणि लगेच त्याने मुद्द्याला हात घातला. "आम्ही काही एवढ्यात तिकडे राहायला जात नाही. भाड्याने देणार. तू दिला होतास ना तुझा? काय काय काळजी घ्यायची ते सांग."

मी पण एकदम सल्लागाराच्या थाटात टिश्यू पेपरवर लिस्ट काढून दिली. करार रजिस्टर कर, पोलिसांना कळव, सोसायटीला पत्र दे, डिपॉझिट आधी खात्यात जमा होऊ दे आणि मगच चावी दे. त्याने टिश्यूचा फोटो काढला, थँक्स म्हणाला आणि आम्ही आपापल्या मीटिंगला पळालो.

संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये (म्हणजे निवांत, विचार करायला भरपूर वेळ) लक्षात आलं की लिस्टमधलं सगळं बरोबर आहे, पण सगळी लिस्ट एकाच बाजूची आहे. भाडेकरूपासून मालकाला कसं वाचवायचं एवढंच तिच्यात आहे. माझ्या भाड्याच्या प्रकरणात जी खरी चूक झाली ती भाडेकरूने केलीच नव्हती, मी केली होती. सांगायला लाज वाटते म्हणून ती टिश्यूवर आली नाही. इथे लिहून टाकतो. लेख थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात बाबांपासून करायला हवी. २०१९ च्या मे महिन्यात माझी बदली बंगलोरला झाली. पुण्यातला फ्लॅट घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि ३१ हजारांचा हप्ता डोक्यावर होता. घर रिकामं ठेवणं परवडणारं नव्हतं. बाबांना म्हटलं, भाड्याने देतो. ते म्हणाले, "अजिबात नको. एकदा भाडेकरू घुसला की निघत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही माहीत? मी तीस वर्षं भाडेकरू होतो!"

यावर काय बोलणार? :) बाबा वाढले ते सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. दोन खोल्या, सामाईक नळ आणि भाडं महिना १७ रुपये. आजोबांनी तेवढंच भरलं आणि नंतर बाबांनीही तेवढंच भरलं. त्यामागे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. त्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत लोकांना रस्त्यावर यायला लागू नये म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. त्याला पळवाट म्हणून मालक लोक 'भाडं' न म्हणता 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे नुसता वापराचा परवाना द्यायला लागले. मग १९७३ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे जे परवान्यावर राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. म्हणजे रात्री झोपताना परवानाधारक आणि सकाळी उठल्यावर भाडेकरू! आपल्या आधीच्या पिढीतल्या घरमालकांना भाडेकरूची जी भीती वाटते ती अशी आलेली आहे. ती अगदीच खुळी नाही.

पण आता ती जुनी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडायचं. नाही सोडलं तर मालकाला नेहमीच्या कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र यासाठी लेखी करार हवा, आणि तो रजिस्टर केलेला हवा.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. "अकरा महिन्यांचा करार आहे ना, मग रजिस्टर करायची गरज नाही." हे अकरा महिन्यांचं प्रकरण १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलं. त्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ वेगळंच सांगतं. करार लेखी हवा, रजिस्टर हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि ही जबाबदारी मालकाची. नाही केली तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उद्या वाद झाला तर कराराच्या अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.

आणि खर्च किती? माझंच उदाहरण देतो. भाडं १९ हजार, २४ महिने, म्हणजे ४ लाख ५६ हजार. डिपॉझिट ६० हजार, त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, दोन वर्षांचे १२ हजार. एकूण ४ लाख ६८ हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ११७० रुपये. शहरात नोंदणी फी १००० रुपये. वर एजंटची फी. एका महिन्याच्या भाड्याच्या फार तर पाचव्या हिश्श्यात दोन्ही बाजूंना शांत झोप. शिवाय आता आधार आणि अंगठ्याने घरबसल्या होतं. हे पैसे वाचवणाऱ्या माणसाला माझा कोपरापासून नमस्कार.

तर हे सगळं बाबांना समजावलं, त्यांनी "बघ बाबा तुझं तू" म्हटलं आणि मी जाहिरात टाकली.

पंधरा दिवसांत एक जोडपं आलं. मूळचे लातूरकडचे. आपण त्यांना लातूरकरच म्हणू. दोघं तिशीच्या आतले, दोन वर्षांची मुलगी. ते एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला, त्या घरून ट्यूशन घेणाऱ्या. मला पसंत पडले. खरं सांगायचं तर सोसायटीलाही "फॅमिली" हवी होती. (बॅचलर असताना मला स्वतःला तीन सोसायट्यांनी दारातून परत पाठवलं होतं, तरी मी काही बोललो नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) करार झाला. ६० हजार माझ्या खात्यात आले. २ जून २०१९ ला चावी दिली.

त्याच आठवड्यात बंगलोरला मी एक घर बघितलं. भाडं २२ हजार, डिपॉझिट दहा महिन्यांचं. होय, दहा! तिथे तेव्हा ती पद्धतच होती, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. दोन लाख वीस हजार. मी होतं नव्हतं ते गोळा केलं. त्यात लातूरकरांचे ६० हजारही घातले. त्या वेळी मनात काही आलंसुद्धा नाही. माझ्या खात्यातले पैसे, मी माझ्या घरमालकाला दिले. हिशेब जुळला.

पुढची तीन वर्षं मी पुण्यात मालक आणि बंगलोरमध्ये भाडेकरू होतो. हा मोठा मजेशीर प्रकार आहे. सकाळी बंगलोरच्या अंकलना (मालकांना तिथे सगळे अंकलच म्हणायचे) फोन करायचा, "अंकल, गीझर परत बंद पडलाय." ते म्हणणार, "आय विल सेंड समवन." कुणी यायचं नाही. मग मी दिवसभर चिडचिड करणार. आणि संध्याकाळी लातूरकरांचा मेल यायचा: "सर, बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. पोपडे निघत आहेत." मी उत्तर द्यायचो: "सोसायटीशी बोलतो." आणि बोलायचो नाही. म्हणजे एकदा बोललो. सेक्रेटरी म्हणाले, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असणार, त्यांच्याशी बोला. वरचे म्हणाले, बाहेरच्या भिंतीतून येत असणार, सोसायटीशी बोला. मी साडेआठशे किलोमीटरवर. पावसाळा संपला, ओल वाळली, विषय संपला. पुढच्या जुलैला परत मेल.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच फोनवर घडत होत्या आणि मला त्यांच्यातला संबंध तीन वर्षांत एकदाही दिसला नाही.

एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने पुण्यात परत येण्याचा पर्याय दिला. बायको खूश, आई-बाबा खूश. लातूरकरांना फेब्रुवारीतच दोन महिन्यांची नोटीस दिली होती. कराराप्रमाणे एक महिना पुरला असता, पण म्हटलं मुलीच्या शाळेचं वगैरे बघायला लागेल. (हे मी स्वतःच्या चांगुलपणाचं उदाहरण म्हणून सगळ्यांना सांगत होतो.)

३० एप्रिलला बंगलोरचं घर सोडलं. अंकलनी घर फिरून बघितलं आणि हिशेब सांगितला. रंगाचं एक महिन्याचं भाडं, २२ हजार, ते करारातच होतं. शिवाय साफसफाई, एक तडकलेली टाइल, किचनच्या ओट्यावरचा डाग, असे मिळून साडेनऊ हजार. उरले १ लाख ८८ हजार ५००. त्यातले एक लाख लगेच देतो म्हणाले. "बाकीचे?" तर म्हणाले, "न्यू टेनंट विल कम, नो? ही विल गिव्ह डिपॉझिट, देन आय विल गिव्ह यू."

मी उडालोच. म्हणजे माझे पैसे यांनी खर्च केले? दोन लाख वीस हजार, माझे, यांच्याकडे नुसते ठेवायला दिलेले! पुण्याला येईपर्यंत बायकोला गाडीत हेच ऐकवत होतो. लोक असे कसे असतात, तत्त्व म्हणून काही आहे की नाही, वगैरे. ती तुमकूरपर्यंत हो हो म्हणाली आणि मग झोपली.

५ मेला लातूरकर फ्लॅट सोडणार होते. आम्ही ३ तारखेला घर बघायला गेलो. सामान अर्धं बांधलेलं. हॉलच्या एका भिंतीवर खाली, दोन फुटांच्या उंचीपर्यंत, क्रेयॉनची चित्रं. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे, एका ठिकाणी गिलावासुद्धा सुटलेला. किचनची एक ट्रॉली नीट सरकत नव्हती. एक मच्छरजाळी फाटलेली. बाकी घर स्वच्छ होतं. त्यांनी चहा केला. मी मोबाईलवर नोंदी करत फिरलो, अगदी अंकलसारखा, पण ते तेव्हा सुचलं नाही.

रात्री आई-बाबांकडे बसून एक्सेल शीट केलं. रंगारी पूर्ण घराचे २४ हजार म्हणाला होता, ते घातले. ट्रॉली ३५००, जाळी १८००, डीप क्लीनिंग ३०००, एक नळ ८००, रेग्युलेटर ४५०. एकूण ३३,५५०. परत द्यायचे २६,४५०. शीट लातूरकरांना पाठवून दिलं, सोबत दोन ओळी. बरं वाटलं. व्यवस्थित, पारदर्शक, आयटमवार!

अर्ध्या तासात उत्तर आलं. त्यात ४१ फोटो होते, सगळे २ जून २०१९ चे, चावी दिली त्या दिवशी त्यांनी काढलेले. ट्रॉली तेव्हाही अडकत होती. बेडरूमच्या त्याच कोपऱ्यात तेव्हाही पिवळा डाग होता. सोबत माझेच तीन मेल, "सोसायटीशी बोलतो," तीन वेगवेगळ्या पावसाळ्यांतले. आणि खाली एवढंच: "सर, क्रेयॉनचे डाग आमच्या मुलीचे आहेत, ते धरा. जाळी पण आमच्याकडून फाटली आहे. ओल आमची नाही. उद्या नवीन घराचं डिपॉझिट भरायचं आहे, त्यामुळे तुम्ही जे काही देणार ते आज कळवलंत तर बरं होईल."

रागाचा एक शब्द नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं.

मी पहिल्यांदा काय केलं? वाद घालायला घेतला. "तीन वर्षं राहिल्यावर रंग द्यावाच लागतो," असं टाइप करत होतो. आणि मग थांबलो, कारण हे बरोबर अंकलचं वाक्य होतं. तीन वर्षं राहिल्यावर रंग द्यावाच लागतो हे खरं आहे. पण त्यांच्याकडून मी तीन वर्षं १९ हजार, आणि नंतर २० हजार, घेत होतो ते कशाचे? भिंती जुन्या होण्याचेच ना? शिवाय रंग मी माझ्यासाठी देत होतो, मी तिथे राहायला येणार होतो.

त्याच रात्री थोडं वाचलं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. लागू करणं राज्यांवर सोपवलं आहे, त्यामुळे महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही. पण त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची सरळ वाटणी आहे. घराच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप आणि वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच-सॉकेट, गीझर, कुलपं, खिडकीची काच, जाळ्या हे भाडेकरूकडे. घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. आणि डिपॉझिट परत कधी करायचं? घराचा ताबा घेतानाच, त्याच दिवशी.

(गीझर भाडेकरूकडे. म्हणजे या न्यायाने अंकलवरचा माझा निम्मा राग चुकीचा होता. तेही मनात नोंदवलं.)

मी परत शीट उघडलं आणि प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचारलं, हे पैसे मी का कापतोय? आणि मग ते दिसलं, जे मी टाळत होतो. माझ्याकडे ६० हजार नव्हतेच. ते २०१९ मध्येच अंकलकडे गेले होते, आणि अंकल म्हणत होते नवीन भाडेकरू येऊ दे. हप्ता, टेम्पोचं भाडं, मुलाची शाळेची फी हे सगळं जाऊन खात्यात जेमतेम तीस हजार होते. तीस हजारांतून २६,४५० देता येतात. साठ देता येत नाहीत. रंगाची ओळ भिंतीमुळे आली नव्हती, खात्यातल्या शिलकीमुळे आली होती. कुणी ठरवून फसवत नव्हतं, मीही नाही. फक्त आकडा आधी ठरला होता आणि कारणं मागून आली होती.

आणि ही साखळी किती लांब असेल? अंकलनी माझे पैसे खर्च केले, मी लातूरकरांचे केले, लातूरकर उद्या ज्यांना देणार ते त्यांचे करतील. प्रत्येक जण पुढच्याच्या डिपॉझिटवर मागच्याचं भागवतो. एखादी कडी अडकली की सगळ्यात जास्त त्याला बसतं ज्याच्या दारात टेम्पो उभा आहे.

रात्री साडेअकराला बाबांकडे गेलो. म्हटलं, चाळीस हजार पाहिजेत, ऑगस्टपर्यंत परत करतो. कशाला म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं आता "मी म्हणत नव्हतो, भाडेकरू म्हणजे..." सुरू होणार. ते म्हणाले, "डिपॉझिट खर्च केलंस? ते तुझे पैसे होते का?"

मग जरा वेळाने, "आमच्या वाड्याचं तरी काय झालं? १७ रुपयांत कौलं कोण बदलणार म्हणून मालकाने हात लावला नाही. मालक काही करत नाही म्हणून आम्ही भाडं वाढवलं नाही. पावसाळ्यात बादल्या ठेवायचो. तीस वर्षं दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि वाडा पडला."

एवढं बोलून त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं.

लातूरकरांना रात्रीच कळवलं. क्रेयॉनच्या भिंतीचा हात मारायला २५०० आणि जाळीचे १८००, एवढेच धरले. महावितरणचं शेवटचं बिल यायचं होतं, पण मीटर रीडिंग दोघांनी मिळून घेतलं आणि अंदाजे ११४० ठरवले. एकूण ५४४०. ५ मेला सकाळी चावी घेतली आणि ५४,५६० रुपये त्यांच्यासमोर ट्रान्स्फर केले. मेसेज आल्यावर ते म्हणाले, "थँक्यू सर." मी सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "चालतं सर, होतं असं." बस, एवढंच. नंतर आमचा काही संपर्क नाही. असण्याचं कारणही नाही.

ओलीचं कारण जूनमध्ये सापडलं. बाहेरच्या भिंतीतला पाइपच्या जोडाजवळचा चिरा. दुरुस्ती सोसायटीने केली. मला दोन मीटिंगना जाऊन आवाज चढवायला लागला, बाकी काही नाही. तीन वर्षांपूर्वीही एवढंच लागलं असतं. अंकलचे उरलेले पैसे ऑगस्टमध्ये आले, ८८,५०० ऐवजी ८०,०००. मी भांडलो नाही. बाबांचे परत केले.

असो. आता थोडं कामाचं. गेल्या महिन्यात आम्ही आई-बाबांच्या शेजारच्या इमारतीत राहायला गेलो आणि फ्लॅट परत भाड्याने द्यायचा आहे. तेव्हा टिश्यूवर नसलेली लिस्ट, माझी मलाच:

१. डिपॉझिट आलं त्याच दिवशी वेगळी एफडी. तिला हात लावायचा नाही. ज्याला डिपॉझिट वापरल्याशिवाय जमत नाही त्याने ते कमी घ्यावं. मी दोन महिन्यांचंच घेणार आहे.

२. चावी देताना खोलीवार फोटो आणि व्हिडिओ, वस्तूंची यादी, विजेचं रीडिंग, सगळं दोघांच्याही मेलवर. हे मालकाच्या सोयीचं आहे असं आपल्याला वाटतं. माझ्या बाबतीत ते भाडेकरूने केलं आणि मी वाचलो, चुकीचं वागण्यापासून.

३. कोणती दुरुस्ती कुणाची, ते वर सांगितलेल्या वाटणीप्रमाणे करारातच लिहायचं. क्रेयॉन विरुद्ध ओल हा वाद शेवटच्या दिवशी घालायचा नाही.

४. वर्षाचं एक महिन्याचं भाडं दुरुस्तीसाठी बाजूला. बारा महिन्यांचं उत्पन्न धरून हप्त्याचं गणित मांडलं की प्रत्येक प्लंबर दरोडेखोर वाटायला लागतो. मध्ये घर रिकामं राहतं, एजंट एक महिना घेतो, तेही धरायचं. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्त लावला तर पत्र लिहा. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर मिळकत करात ४० टक्क्यांची सवलत असते (मध्ये गेली होती, २०२३ मध्ये परत आली), ती भाड्याने दिल्यावर मिळत नाही.

५. भाडं हे उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं. भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडेकरूला एचआरए घ्यायचा असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखावर असेल तर त्याला तुमचा पॅन लागतो. तो द्यायला कुरकुर करू नका, तो त्याचा हक्क आहे.

६. शेवटच्या दिवशी चावी आणि पैसे एकाच टेबलावर. कापायचं असेल तर बिल दाखवून. आणि कापण्याआधी एकदा स्वतःची बँक शिल्लक बघायची, कारण कधी कधी भिंतीवरचा डाग तिथे असतो.

सोमवारी त्या मित्राला सांगणार आहे की टिश्यूवरचं सगळं कर, ते हवंच. फक्त सगळ्यात वर एक ओळ लिही: हे पैसे आपले नाहीत. बाबांचं वाक्य आहे, मी फक्त फॉरवर्ड करतोय.

दुपारी चार वाजता एक मुलगा फ्लॅट बघायला येतोय. बॅचलर आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींचा कालच फोन येऊन गेला. म्हटलं, तीन वेळा दारातून परत आलेला माणूस आहे मी, आता नाही म्हणणार नाही. बघू काय होतं ते. पुढच्या वीकेंडला लिहीन.